गॅलाघरचे शेवटचे तीन अल्बम: आधी कोणता घ्यावा आणि का

आयरिश गिटारवादक आणि गायक रोरी गॅलाघर म्हटलं की कोल्हापुरातल्या ब्लूज-रॉक ऐकणाऱ्यांच्या गप्पा 'आयरिश टूर'वर येतात आणि तिथंच संपतात. १९७४ चा तो लाइव्ह अल्बम आहेच तसा, नाद खुळा. पण त्यामुळं झालंय असं, की १९८२ चा 'जिंक्स', १९८७ चा 'डिफेंडर' आणि १९९० चा 'फ्रेश एव्हिडन्स' हे शेवटचे तीन स्टुडिओ अल्बम उतरत्या काळातलं काम म्हणून न ऐकताच बाजूला पडतात. हा सरळ अन्याय आहे. 'फ्रेश एव्हिडन्स' हा त्याचा सर्वांत चांगला स्टुडिओ अल्बम आहे आणि गॅलाघरवर पहिल्यांदाच पैसे घालणार असाल तर सुरुवात तिथूनच करा.

पार्श्वभूमी थोडक्यात. जन्म १९४८, आयर्लंडमधलं बॅलीशॅनन. वाढला कॉर्क शहरात. १९६३ मध्ये तिथल्याच दुकानातून १०० पौंडांना घेतलेली १९६१ ची सनबर्स्ट रंगाची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार त्यानं शेवटपर्यंत वाजवली. 'टेस्ट' हे त्याचं त्रिकूट फुटल्यावर तो स्वतःच्या नावानं वाजवायला लागला आणि १९७१ ते १९७६ या सहा वर्षांत त्याचे आठ अल्बम आले. पुढच्या चौदा वर्षांत आले सहाच. हे आकडे बघून माणूस आटला असं वाटू शकतं. खरं कारण वेगळं आहे: तो स्वतःच्याच कामाबद्दल फार कठोर होत गेला. १९७७ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत एलियट मेझर या निर्मात्याबरोबर त्यानं अख्खा अल्बम पूर्ण केला आणि मिक्स, म्हणजे वाद्यांच्या आवाजांची जुळणी, पटलं नाही म्हणून रद्द केला. मग बॅण्ड बदलला, बासवाला गेरी मॅकअव्हॉय तेवढा ठेवला आणि त्यातली बरीच गाणी जर्मनीत नव्यानं रेकॉर्ड करून १९७८ मध्ये 'फोटो-फिनिश' काढला. रद्द केलेलं काम त्याच्या पश्चात २०११ मध्ये 'नोट्स फ्रॉम सॅन फ्रान्सिस्को' नावानं बाहेर आलं. दोन्ही पाठोपाठ ऐकले की त्याला काय खटकत होतं ते कळतं. मेझरच्या मिक्समध्ये कीबोर्ड आणि बाकीचा साज गिटारभोवती जागा अडवतो, 'फोटो-फिनिश'मध्ये तीनच माणसं आहेत आणि प्रत्येक फटका सुटा ऐकू येतो.

'जिंक्स'पासून ड्रमवर ब्रेंडन ओनील आला आणि ताल बदलला. त्याच्या आधीचा टेड मॅकेना रॉकचा भारदस्त ड्रमर. ओनीलचा हात हलका, शफल म्हणजे झुलता ठेका वाजवताना तो ठोक्याच्या किंचित मागं राहतो. 'बिग गन्स' आणि 'बर्बन'मध्ये हे लगेच लक्षात येतं. लुईझियाना रेड या ब्लूज गायकाचं 'राइड ऑन रेड, राइड ऑन' इथं धावत्या गाडीच्या वेगानं वाजतं, तरी स्लाइडचा, म्हणजे बोटात घातलेली नळी तारांवर सरकवून काढलेला, एकही सूर घसरत नाही. अल्बमचा खरा गाभा मात्र 'जिंक्ड' आणि 'ईझी कम, ईझी गो' या दोन संथ गाण्यांत आहे. ७० च्या दशकातला गॅलाघर असता तर त्यानं इथं दोन-तीन मिनिटांचा सोलो ठोकला असता. इथं तो गाण्याच्या ओळींमधली जागा तेवढी भरतो आणि बाजूला होतो. गिटार गाण्याच्या सेवेला लावायची ही सवय इथून सुरू झाली. अल्बममध्ये दोन-तीन गाणी साधारण आहेत, ती सोडून द्यायला हरकत नाही. नंतरच्या आवृत्त्यांत 'नथिन' बट द डेव्हिल' आणि 'लोन्ली माइल' ही दोन गाणी वाढवलेली आहेत. पहिलं केवळ आवाज आणि गिटारवर उभं आहे आणि मूळ यादीतल्या निम्म्या गाण्यांपेक्षा सरस आहे, त्यामुळं 'जिंक्स' घ्यायचा तर वाढीव आवृत्तीच घ्या.

त्यानंतर पाच वर्षं स्टुडिओ अल्बम नाही. मोठ्या कंपनीचा करार संपला, त्यानं कॅपो नावाचं स्वतःचं लेबल काढलं आणि त्यावर 'डिफेंडर' आला. हा त्याचा गुन्हेगारी कथांचा अल्बम. 'कंटिनेंटल ऑप' हे रहस्यकथाकार डॅशिएल हॅमेटच्या बिननावाच्या गुप्तहेरावर आहे, 'किकबॅक सिटी' पैसे खाऊन पोखरलेल्या गावावर, आणि 'लोनशार्क ब्लूज' सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या कामगारावर. खासगी सावकारी काय चीज आहे हे आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. व्याज थकलेल्या माणसाचा घसा कसा कोरडा पडतो ते या गाण्यात ऐकू येतं. त्यातली रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी छोटी चाल, मुद्दाम एकाच जागी घुटमळते, कॉर्ड बदलेल असं वाटतं तिथं बदलत नाही, आणि त्यामुळं माणूस अडकल्याची भावना शब्दांच्या आधी सुरांतून पोचते.

'डिफेंडर'ची अडचण आहे ती आवाजाची. १९८७ ची फॅशन त्यात शिरलीय. स्नेअर ड्रमवर मोठा रिव्हर्ब म्हणजे घुमारा, गिटारच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि बास व ड्रमच्या मध्ये पोकळी. लहान ब्लूटूथ स्पीकरवर तर स्नेअर सोडून काहीच पुढं येत नाही. मोठ्या स्पीकरवर ऐकताना ट्रेबल किंचित कमी केला की बराच फरक पडतो, कारण रिव्हर्बची शेपूट वरच्या पट्टीतच जास्त असते. 'डोन्ट स्टार्ट मी टू टॉकिन'' या सनी बॉय विल्यमसनच्या जुन्या गाण्यावर या फॅशनचा परिणाम होत नाही, ते जिवंत वाजतं. आणि 'सेव्हन डेज' या अकूस्टिक बाजाच्या गाण्यात रिव्हर्बला जागाच नाही. पुढच्या अल्बमची दिशा त्यात आधीच दिसते. जुनी एलपी कुणाकडून विकत घेत असाल तर एक गोष्ट तपासा. पहिल्या आवृत्तीबरोबर ७ इंची सिंगल येत होती, 'सीम्स टू मी' आणि 'नो पीस फॉर द विकेड' या दोन गाण्यांची. ती बहुतेक वेळा कव्हरमधून गायब झालेली असते. ती नसेल तर पूर्ण संचाची किंमत देऊ नका. सीडीच्या नंतरच्या आवृत्त्यांत ही दोन्ही गाणी आहेत.

आता 'फ्रेश एव्हिडन्स'. इथं रिव्हर्ब ओसरलाय आणि खोलीचा खरा आवाज परत आलाय. गेरी मॅकअव्हॉय आणि ओनील आहेतच, जुना पियानोवाला लू मार्टिन पाहुणा म्हणून आला, मार्क फेल्टमचा हार्मोनिका जवळजवळ दुसऱ्या गायकासारखा वापरलाय. 'किड ग्लव्ह्ज' ही ठरवून मॅच हरायला नकार देणाऱ्या मुष्टियोद्ध्याची गोष्ट; अल्बमची सुरुवात म्हणून याहून नेमकं गाणं मिळालं नसतं. 'द किंग ऑफ झायडेको' हे क्लिफ्टन शेनियरला वाहिलेलं आहे. झायडेको म्हणजे लुईझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या काळ्या लोकांचं नाचाचं संगीत, त्यात अकॉर्डियन पुढं आणि छातीवर बांधलेला पत्रा खरवडून धरलेला ठेका. अकॉर्डियनवर गेरेंट वॉटकिन्स आहे, आणि गॅलाघर या गाण्यात मागं राहून साथ करतो ते मुद्दाम ऐकण्यासारखं आहे. 'अलेक्सिस' ही शब्दांविना वाजवलेली चीज ब्रिटिश ब्लूजचा आधारवड अलेक्सिस कॉर्नरच्या नावाची. 'द लूप' शिकागोच्या डोक्यावरून फिरणाऱ्या रेल्वेवर, अडीच मिनिटांच्या आत संपणारं.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो तीन गाण्यांना. पहिलं 'एम्पायर स्टेट एक्सप्रेस'. सन हाउस या जुन्या मिसिसिपी ब्लूजवाल्याचं हे गाणं इथं एकटा माणूस आणि एकटी गिटार एवढ्यावर आहे. मागचा आधार नाही, त्यामुळं अंगठा बासच्या तारेवर जो ठोका धरतो तोच ड्रम. शब्द संपून स्लाइड सुरू होते त्या सांध्यावर लक्ष ठेवा: अंगठा थांबत नाही. ब्लूज वाजवणारे निम्मे लोक नेमके तिथंच अडखळतात.

दुसरं 'घोस्ट ब्लूज', आठ मिनिटांच्या आसपास. घाई अजिबात नाही. हार्मोनिका आणि स्लाइड एकमेकांचे सूर अर्ध्यातून उचलतात, आणि गाणं चढतं ते आवाज वाढवून नव्हे तर ठेका घट्ट होत गेल्यानं. आपल्याकडं बैठकीत विलंबित ऐकायची सवय असलेल्या माणसाला हे गाणं पहिल्याच ऐकण्यात धरतं. तिसरं 'हेवन्स गेट', १९३० च्या दशकातल्या रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकाच्या भुताखेतांच्या ब्लूजमधून निघालेलं. इथं गॅलाघरचा आवाज घोगरा आहे, वरच्या पट्टीत तो पूर्वीसारखा सहज जात नाही. प्रकृती बिघडत चालली होती आणि ते ऐकू येतं. 'वॉकिन' वुंडेड'च्या शब्दांतही येतं. पण त्यानं गाण्याच्या चाली आवाजाला झेपतील तिथं खाली आणून ठेवल्या, ओळी तोडल्या, उरलेलं गिटारला सांगायला लावलं. शाहू महाराजांच्या दरबारातले अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूरला नव्यानं सांगायला नकोत. आवाज बिघडल्यावर त्यांनी गायकीच नव्यानं बांधली आणि जयपूर-अत्रौलीचं वजन त्यातून आलं. ज्या गावानं ते ऐकलंय, त्या गावात 'आवाज गेला म्हणजे कलाकार संपला' हे म्हणणं चालू नये.

उणीव सांगायची तर 'मिडल नेम'चा शेवट लांबलाय, आणि मूळ क्रमातलं शेवटचं 'स्लमिंग एंजल' आधीच्या गाण्यांच्या तोडीचं नाही. वाढीव आवृत्तीत त्याच्यापुढं 'नेव्हर आस्क्ड यू फॉर नथिन'' आणि 'बाउड नॉट ब्रोकन' ही दोन गाणी येतात. अॅपवर ऐकताना ती अल्बमचाच भाग आहेत असं वाटतं. पहिल्यांदा ऐकताना दहा गाण्यांनंतर थांबा, ती दोन वेगळी ऐका.

यानंतर त्याचा नवा स्टुडिओ अल्बम आला नाही. १९९१ मध्ये मॅकअव्हॉय आणि ओनील फेल्टमच्या 'नाइन बिलो झिरो' या बॅण्डमध्ये गेले, गॅलाघरनं डेव्हिड लेव्ही आणि रिचर्ड न्यूमन यांना घेऊन दौरे चालू ठेवले. 'फ्लीटवुड मॅक'चा गिटारवादक पीटर ग्रीन याच्या गाण्यांच्या एका मानवंदनेच्या संग्रहासाठी त्यानं 'लीव्हिंग टाउन ब्लूज' आणि 'शोबिझ ब्लूज' रेकॉर्ड केली. ती त्याची अखेरच्या दिवसांतली स्टुडिओतली कामं, आणि ती शोधून ऐकलीच पाहिजेत. १४ जून १९९५ ला, यकृत प्रत्यारोपणानंतर झालेल्या संसर्गानं तो लंडनमध्ये गेला. वय ४७.

त्याच्या मागं निघालेल्या संग्रहांची गर्दी आहे आणि सगळं घेण्यासारखं नाही. २००३ चा 'व्हील्स विदिन व्हील्स' जरूर घ्या: अकूस्टिक कामं, बर्ट जान्श, मार्टिन कार्थी, लॉनी डोनेगन, फ्लेमेंको वाजवणारा हुआन मार्टिन अशा लोकांबरोबर. २०१९ चा तीन सीडींचा 'ब्लूज' मोठा आहे पण त्यात आधी न ऐकलेलं भरपूर आहे. २०२३ चा 'ऑल अराउंड मॅन' डिसेंबर १९९० मध्ये लंडनला रेकॉर्ड झालेला. 'फ्रेश एव्हिडन्स'ची गाणी रंगमंचावर कशी फुलली ते त्यात सापडतं, आणि स्टुडिओतल्या 'डिफेंडर'नं ज्यांची निराशा केली त्यांना याच सगळ्या मंडळींचा खरा दणका इथं मिळेल. बेस्ट-ऑफ प्रकार टाळा. या शेवटच्या तीन अल्बमांना त्यात नेहमी दोन-चार गाण्यांची जागा मिळते.

कशावर ऐकायचं? नुसतं ऐकायचं असेल तर स्ट्रीमिंग पुरे, फक्त अॅपमधलं आवाज समान करणारं सेटिंग बंद करा, नाहीतर 'एम्पायर स्टेट एक्सप्रेस' पुढच्या-मागच्या गाण्यांइतकंच मोठं वाजतं आणि अल्बमची चढउतार मरते. अॅपवर दिसणारं साल बऱ्याचदा पुनर्प्रकाशनाचं असतं, त्यावरून अल्बमांचा क्रम लावू नका. पैसे मोजून पदरात काही हवं असेल तर 'फ्रेश एव्हिडन्स' आणि 'जिंक्स'ची वाढीव सीडी हा सर्वांत शहाणा सौदा. एलपी घ्यायची ती 'फ्रेश एव्हिडन्स'ची.

एलपी बाहेरून मागवणार असाल तर एप्रिल-मे टाळा. बंद गाडीत तापलेली तबकडी वाकते आणि एकदा वाकलेली घरगुती उपायांनी धड सरळ होत नाही. पार्सल आलं की लगेच फोडून तबकडी सपाट काचेवर ठेवून बघा, तक्रार करायची मुदत थोडीच असते. आपल्या पावसाळ्यात बुरशीचा त्रास ठरलेला. कागदी आतल्या पाकिटाऐवजी पॉलिथीनचं पाकीट वापरा, तबकड्या उभ्या ठेवा, भिंतीला चिकटवून नको. बुरशी आलीच तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये पाचवा हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून मऊ कापडानं खाचांच्या दिशेनं गोल पुसा आणि नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं परत. नळाचं पाणी नको, क्षार खाचेत बसतात. आणि हे मिश्रण आजोबांच्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात, अल्कोहोलनं लाख विरघळते.

नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेलं जुनं बेल्टचं टर्नटेबल इथं लावलं की गॅलाघर दारू प्यायल्यासारखा गातो, त्याचं कारण वेगळंच आहे. त्यातली सिंक्रोनस मोटर (जिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो) ६० हर्ट्झच्या विजेवर चालायला बनवलेली असते, आपल्याकडं ५० हर्ट्झ. वेग सहाव्या हिश्शानं घटतो, ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे, आणि सूर तीन सेमीटोनपेक्षा थोडा जास्त उतरतो. ई मधलं गाणं सी शार्पच्याही खाली जातं. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून उपयोग नाही, तो व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. मोटरवरची पुली १.२ पट व्यासाची करून घेणं हा उपाय, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हे काम सहज होतं. बेल्टच्या जाडीनं किंचित फरक पडतो, म्हणून ५० हर्ट्झची स्ट्रोब तबकडी (वेग बरोबर असला की जिच्यावरच्या रेघा दिव्याखाली स्थिर दिसतात) ठेवून तपासा. डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट-ड्राइव्ह यंत्राला ही अडचण नाही.

ऐकून हात शिवशिवले तर 'एम्पायर स्टेट एक्सप्रेस'पासून सुरुवात करा. सन हाउसच्या पद्धतीचं ओपन जी ट्यूनिंग लावा: सहावी, पाचवी आणि पहिली तार प्रत्येकी एक टोन उतरवायची, बाकी तशाच. ९ च्या (पहिली तार ०.००९ इंच जाडीची) तारा यात लोंबकळतात आणि स्लाइड फ्रेटवर आपटते. पहिली तार किमान ११ ची हवी, आणि अॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, नेहमीपेक्षा थोडी वर. स्लाइड विकत मिळते, पण उद्यमनगरातच पितळेच्या नळीतून करून घेतलेली जास्त चांगली बसते, कारण बोटाचं माप तुमचं असतं. आतला व्यास करंगळीसाठी साधारण १९ ते २० मिलिमीटर, लांबी ६०, भिंत अडीच. एवढ्याचं वजन ९० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि सूर टिकतो. प्लंबिंगची एक मिलिमीटर जाडीची नळी कापली तर ती ३५ ग्रॅमही भरत नाही, आवाज पातळ येतो आणि हात दाबायला लागतो, की लगेच खडखड. लेथवाल्याला दोन्ही तोंडांच्या कडा आतून-बाहेरून गोल करायला आणि बाहेरचा पृष्ठभाग बारीक पॉलिश करायला आठवणीनं सांगा. टूलचे वळे राहिले तर जाड तारांवर खरखर ऐकू येते, आणि धार राहिली तर त्या तारांची गुंडाळी सोलवटते.